पीएचडीचा डेटा: काय खुलं करावं आणि काय कुलपात ठेवावं?

रानवारा (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझी पीएचडी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर आहे. थिसिस जमा केलाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे. त्यातला एक पेपर परदेशातल्या जर्नलने जवळजवळ स्वीकारलाय. आता संपादकबाई विचारतायत की पेपरमागचा डेटा कुठे ठेवणार ते लिहा, ठेवणार नसाल तर का नाही ते लिहा. उत्तराला तीन आठवडे दिलेत. गाईड म्हणाले, "मागितला तर देऊ असं टाक आणि मोकळी हो." मैत्रीण म्हणते, सगळं झेनोडोवर (संशोधनाच्या फाइल्स ठेवायचं संकेतस्थळ) चढव, फुकट आहे, डीओआय (फाइलचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. मला दोन्ही पटेना.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. तीन हंगामांत केलेला ४१२ कोयत्यांचा सर्व्हे (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी जोडीला मिळते). ५८ बायकांच्या मुलाखती, मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या, सत्तर-एक तास भरतील. त्या मुलाखती उतरवून काढलेल्या फाइल्स. कोप्यांच्या (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या) जागांचे जीपीएस बिंदू. मुकादमांच्या वह्यांचे फोटो, ज्यांत उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) किती, तोड किती टन, खाडे (गैरहजेरीचे दिवस) किती ते मांडलंय. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डांचे फोटो. आणि माझी डायरी, ती मी मेल्यावरही कोणाला वाचू देणार नाही.

नावं अर्थातच काढली आहेत. अंदाज यावा म्हणून सर्व्हेतली एक ओळ देते:

*[संपादन, मंगळवार दुपारी ३:१०: इथली ओळ काढून टाकली आहे. कारण खाली 'फडावरचा' यांच्या प्रतिसादात आहे.]*

यातलं काय बाहेर द्यायचं हे तुमच्यापैकी संशोधनात असलेले लोक कसं ठरवतात?

खडूस_काका (सोमवार, रात्री ११:०५)

या संस्थळावर 'डेटा' म्हणत नाहीत, 'विदा' म्हणतात. तुम्ही विदा विदा करताय की नाही एवढाच प्रश्न आहे. हलके घ्या.

शेवगा (सोमवार, रात्री ११:११)

काका, पहिलाच धागा आहे त्यांचा, घाबरवू नका. आणि 'विदा' एकवचनी की अनेकवचनी यावर इथे मागे दीडशे प्रतिसाद झालेत. परत नको.

तिरसट (सोमवार, रात्री ११:४०)

सगळं खुलं करा. संपादकांनी विचारलं म्हणून करू नका, तुमचं काम खरं आहे हे दाखवायला करा.

२०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या हार्वर्डच्या दोन अर्थतज्ज्ञांनी पेपर लिहिला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा दर कोसळतो, असं त्यात होतं. खर्चाला कात्री लावणाऱ्या पुढाऱ्यांनी तो पेपर डोक्यावर घेतला. २०१३ मध्ये ॲमहर्स्टच्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून एक्सेलची फाइल मिळवली. बघतो तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिलेल्या! आकडे कसे निवडले, सरासरीत कोणाला किती वजन दिलं, त्यावरही आक्षेप निघाले. सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ चा दर अधिक २.२ झाला. फाइल मिळाली नसती तर ते उणे ०.१ अजूनही क्रमिक पुस्तकांत असतं.

तुमच्या विषयात तर समोर साखर कारखाने आहेत. उद्या कोणी म्हणालं की या बाईंनी आकडे घरी बसून लिहिले, तर काय दाखवाल?

नमुन्याची ओळ बघितली. *[इथे मी ती ओळ उद्धृत केली होती, धागाकर्तीच्या विनंतीवरून काढली. तिरसट]* यात नाव नाही, गाव नाही. अडचण काय आहे?

डॉ_पिंपळपान (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर आहे. माझा पहिला प्रश्न तुम्ही बायकांकडून संमती कशाची घेतली हा आहे. संमतीपत्रातलं नेमकं वाक्य इथे द्या, मग बोलू.

तिरसट यांचा मुद्दा चुकीचा नाही. २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधावरचा पेपर दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. डेटा पुरवणारी सर्जिस्फिअर नावाची कंपनी मूळ डेटा तपासायलाच देईना. तेव्हा लपवाछपवीला औषध म्हणून खुलेपणा हवाच. पण औषधाला मात्रा असते.

गुळपोळी (मंगळवार, सकाळी ९:३५)

मी विद्यापीठात ग्रंथपाल आहे. गेली काही वर्षं माझं अर्धं काम हेच: लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, यातलं काय टाकू?"

आधी गाईडसाहेबांच्या सल्ल्याबद्दल. 'मागितला तर देऊ' हे वाक्य म्हणजे 'या कधीतरी जेवायला'. २०२२ मध्ये सुमारे अठराशे पेपरांच्या लेखकांना, ज्यांनी हे वाक्य छापलं होतं, खरंच मेल पाठवून डेटा मागितला गेला. दिला किती जणांनी? ७ टक्क्यांच्याही आत. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला. ते दरवेळी लबाडीच असते असं नाही. माणूस नोकरी बदलतो, लॅपटॉप जातो, फाइलचं नाव 'फायनल_खरंच_फायनल_३' असतं.

मी लोकांना 'डेटा' असा एक गठ्ठा धरूच देत नाही. टेबलावर एकेक वस्तू मांडायची आणि प्रत्येकीला विचारायचं: पेपरमधला आकडा हिच्यावाचून पुन्हा काढता येईल का? ही हरवली तर परत मिळेल का? बाहेर गेली तर कोणाचं नुकसान होईल? आणि देण्याचा हक्क माझ्याकडे आहे का? तुझ्या यादीत हा चौथा प्रश्न वह्यांना आणि डिस्चार्ज कार्डांना लागतो. वही मुकादमाची, कार्ड बाईचं. तुझा फक्त फोटो.

सगळं ठेवायचा मोहही नको. हवामान खात्याचा पाऊस वापरला असशील तर तो परत चढवू नकोस, कुठून घेतला ते लिही. पण तीन हंगाम फडावर जाऊन आणलेलं कोणालाच पुन्हा आणता येणार नाही. ते जपायलाच हवं. मात्र जपणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

खडूस_काका (मंगळवार, सकाळी ९:५०)

'या कधीतरी जेवायला' हे आम्हा पुणेकरांना उद्देशून आहे काय? आम्ही तेही म्हणत नाही.

रानवारा (मंगळवार, दुपारी १२:१५)

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, वाक्य असं आहे: "आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाईल व तिचा उपयोग केवळ संशोधनासाठी केला जाईल." खूप जणींना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचे, मग अंगठा. खरं सांगू? वाचून दाखवताना कोणी ऐकत नसे. "तू लिही गं, आमचं काय जातंय" असंच व्हायचं. तेव्हा बरं वाटायचं, आता त्या वाक्याची भीती वाटते.

गुळपोळीताई, तुमचे चार प्रश्न उतरवून घेतले.

फडावरचा (मंगळवार, दुपारी २:४०)

मी इथं फार लिहीत नाही. आधी ती नमुन्याची ओळ काढा. आत्ता. तिरसट यांनी ती खाली परत डकवली आहे, तीही काढा.

मी धारूर तालुक्यातला. आई-बापाचा कोयता सव्वीस वर्षं होता. मी आता हिंजवडीत कोड लिहितो. तुमच्या त्या ओळीतली बाई मला माहीत आहे. कशावरून ओळखलं ते इथं लिहीत नाही, व्यनि (खासगी निरोप) केलाय. ओळखायला मला मोजून दहा सेकंद लागले. नाव कशाला पाहिजे? आमच्याकडं माणसाला नावानं ओळखत नाहीत, काय झालं त्यावरून ओळखतात. तिच्या सासरी अजूनही माहीत नाही की ऑपरेशन कुठलं झालं. त्यांना पोटाचं सांगितलंय.

तुम्ही शिकलेले लोक हॅकरला भिता. आमच्या बाईला भीती जावेची असते.

रानवारा (मंगळवार, दुपारी ३:१२)

काढली. व्यनि वाचला. तुम्ही बरोबर ओळखलंत.

हात थरथरतायत. संध्याकाळी लिहिते.

तिरसट (मंगळवार, दुपारी ३:३०)

मीही काढली. कबूल करतो, मला ती ओळ निव्वळ आकडे वाटली होती. पण रात्री ११ पासून दुपारी ३ पर्यंत ती इथे होती, वाचनं साडेचारशे दिसतायत. कोणाच्या मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट असेल तर तो आपल्याला काढता येत नाही.

एडिनबर्गची_आत्या (मंगळवार, संध्याकाळी ५:५५)

रानवारा, एक कप चहा घे आधी. हे शिकून आलेल्यांच्याही हातून होतं.

१९९७ ची गोष्ट आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या होत्या, नावं-पत्ते काढून. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी हमी दिली होती की कोणाची ओळख पटणार नाही. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने २० डॉलरला केंब्रिज गावची मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग, पिनकोड जुळवून खुद्द गव्हर्नरसाहेबांच्याच नोंदी शोधून काढल्या! पुढे तिने अंदाज मांडला की या तीन गोष्टींवर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतात.

तिथे यादी विकत घ्यावी लागली. तांड्यावर यादी प्रत्येकाच्या डोक्यात असते.

त्यावरचा साधा उपाय असा: ओळख पटवू शकतील असे रकाने बाजूला मांडायचे (वय, तालुका, मुलं किती, लग्नाचं वय, कारखान्याचा जिल्हा) आणि बघायचं की त्या सगळ्यांत सारख्या असलेल्या किमान पाच जणी तरी आहेत का. एकटी पडत असेल तर वय २६ ऐवजी २५ ते २९ करायचं, तालुक्याऐवजी विभाग, आणि जुळी, अपघात असलं दुर्मिळ काही असेल तर तो रकानाच काढायचा. माझ्या कामात मी आधी दहा ठेवते आणि मग रडत रडत पाचावर येते.

सरडा_सह्याद्रीचा (मंगळवार, रात्री ८:२०)

आमच्या क्षेत्रातली गंमत सांगतो (गंमत कसली!). आम्ही नवी पाल किंवा नवा कोळी शोधतो, पेपर लिहितो, नियमाप्रमाणे नेमकी जागा छापतो. १९९९ मध्ये दक्षिण चीनमधल्या एका पालीचं वर्णन छापलं, गोनियुरोसॉरस लुई. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला भाव आला आणि जिथून ती सापडली त्या टेकड्यांवर ती दिसेनाशी झाली. पेपर हाच नकाशा झाला.

आपल्याकडे कंदीलपुष्पाच्या काही जाती एखाद-दुसऱ्या कड्यावरच उरल्यात. मी जीपीएसचा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत दिला तर तुम्ही झाडापासून दहा-बारा मीटरवर उभे राहाल. दोन दशांश दिले तर साधारण किलोमीटर, एक दिला तर अकरा किलोमीटर. आता मी बाहेर एकच दशांश देतो, पूर्ण आकडा हर्बेरियममध्ये (वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहात). हवामानाचं मॉडेल करणाऱ्याला तेवढा पुरतो, चोराला पुरत नाही.

कोप्यांच्या बिंदूंचं तसंच करा.

एडिनबर्गची_आत्या (मंगळवार, रात्री ९:०५)

सरड्याला दुजोरा. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ज्यांच्या धर्तीवर झाली, त्या जगभरच्या डीएचएस (लोकसंख्या आणि आरोग्य) पाहण्यांच्या डेटात गावाचा बिंदू मुद्दाम सरकवलेला असतो. शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ पर्यंत, आणि थोडे बिंदू १० पर्यंतही. कुठल्या दिशेला ते सांगत नाहीत.

शेवगा (मंगळवार, रात्री ९:३०)

मी सांगली जिल्ह्यातला ऊसवाला शेतकरी. एक शंका. त्या वह्यांत शेतकऱ्यांची नावं पण आहेत का? आणि खुशाली लिहिलीय का, टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्याला आम्ही वरून देतो ती? लिहिली असेल तर जरूर खुली करा. कारखाना म्हणतो असलं काही नसतंच.

फडावरचा (मंगळवार, रात्री १०:१५)

शेवगाभाऊ, खुशाली तुम्ही देता ती मुकादम आणि ड्रायव्हरच्या खिशात जाते. आमच्या आईला एकदा साडी मिळाली होती, तीही फाटकी.

दुपारी जरा तडकून लिहिलं, पण चुकीचं लिहिलं नाही. आता दुसरी बाजू पण सांगतो. मी 'काही देऊ नका' म्हणत नाही. बाप आयुष्यभर उचल फेडत राहिला आणि किती फिटली हे त्याला कधी कळलं नाही. वही मुकादमाकडं. वजनाची पावती मुकादमाकडं. एक खाडा पडला तर किती कापले तेही तोच सांगणार. त्या बाईंकडं तीन हंगामांच्या वह्यांचे फोटो आहेत म्हणजे काय, हे पेपरवाल्यांना कळणार नाही, मला कळतं. ते आकडे बाहेर यायला पाहिजेत. टन किती तोडला, हातात किती आले. हे जगाला दाखवा. बायकांच्या पिशव्या कोणी, कुठं, कधी काढल्या ते ओळीओळीनं दाखवू नका.

तिरसट (मंगळवार, रात्री १०:३२)

हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट म्हणालात. मजुरीचा तक्ता पूर्ण खुला, आरोग्याचा नाही. एकाच सर्व्हेचे दोन तुकडे करा, मात्र दोन्हींत कोयत्याचा क्रमांक वेगळा ठेवा, नाहीतर जोडून कोणीही परत तिथेच पोचेल.

डॉ_पिंपळपान (बुधवार, सकाळी ७:०५)

आरोग्याच्या बाबतीत एक आठवण करून देतो. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात धक्का बसला तो या एकत्रित आकड्यांनी. एकाही बाईचं नाव त्यासाठी लागलं नाही. तुमच्या आरोग्याच्या भागाचे असेच वयोगटवार तक्ते द्या, तेवढे पुरतील.

संमतीच्या वाक्याबद्दल: 'केवळ संशोधनासाठी' म्हणजे फक्त तुमच्या संशोधनासाठी की कोणाच्याही? माझ्या मते बाईला ते 'ही समोर बसलेली ताई' असंच ऐकू आलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सवलत आहे, पण सवलत आहे म्हणून दिलेला शब्द मोडायचा का? ऑडिओ बाहेर देऊ नका. आवाज हीच ओळख असते.

जात्यावरची (बुधवार, दुपारी १:१०)

थोडं अवांतर, पण अवांतर नाही. सगळे नावं पुसायच्या गोष्टी करतायत म्हणून.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'वर (ग्रामीण भारताचा ऑनलाइन संग्रह) आहेत. ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे, कित्येक ठिकाणी फोटो आणि आवाज आहे. तिथे नाव पुसलं असतं तर तो अन्याय झाला असता. शतकानुशतकं 'एक अनामिक स्त्री' म्हणूनच छापलं गेलं होतं, ते कुठेतरी थांबलं.

मग पुसायचं कधी आणि लिहायचं कधी? ओवी हे तिचं कर्तृत्व आहे, आजार तिच्यावर ओढवलेला आहे, असा फरक मी करते. पण मुलाखतीत दोन्ही असतं ना. रानवारा, तुमच्या ५८ जणींपैकी कोणी म्हणाली का, माझं नाव घाल म्हणून?

खडूस_काका (बुधवार, दुपारी १:४०)

पहिल्यांदाच या संस्थळावर विदाच्या धाग्याचं काश्मीर झालेलं नाही. मी निराश आहे.

रच्याकने (जाता जाता), आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने पारदर्शकता म्हणून थकबाकीदारांची यादी लिफ्टमध्ये लावली, नावाऐवजी फक्त फ्लॅट क्रमांक. गोपनीयता राखली म्हणाला.

सरडा_सह्याद्रीचा (बुधवार, दुपारी २:००)

काका =)) आणि थकबाकी तुमचीच होती हे आम्ही दहा सेकंदांत ओळखलं.

जात्यावरची यांच्यावरून आठवलं. खुलं आणि बंद यांच्यामधली जागा आपल्याकडेच झालेली आहे. हळदीने जखम भरते याचं अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था त्याविरुद्ध लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लढता आलं कारण जुन्या ग्रंथांतला छापील पुरावा होता. मग २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं, पण ते सगळ्यांना खुलं ठेवलं नाही. पेटंट कार्यालयांना करार करून बघू दिलं. म्हणजे पुरावा हवा तिथे दाखवला आणि बाजारात मांडला नाही.

एडिनबर्गची_आत्या (बुधवार, दुपारी ४:२५)

इसेक्सला यूके डेटा अर्काइव्ह १९६७ पासून आहे. तिथे अशाच तीन पायऱ्या आहेत. काही डेटा कोणीही उतरवून घ्यावा. काही नोंदणी करून, अटी मान्य करून. आणि काही फक्त प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला, सुरक्षित खोलीत किंवा सुरक्षित जोडणीवर बसून, तिथून आकडा बाहेर नेतानाही कोणीतरी तपासतं. आपल्याकडे समाजशास्त्राच्या लोकांना आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डेटा सर्व्हिस आहे, तिथे विचारून बघ.

झेनोडो चांगलंच आहे, सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेलं. तिथे फक्त वर्णन खुलं ठेवून फाइल बंद ठेवता येते. पण ती कोणाला द्यायची हे मग तूच ठरवणार, आणि तू दहा वर्षांनी कुठे असशील ते तुलाही माहीत नाही. मुलाखतींसाठी माणसं असलेली संस्था बघ, निर्णय घेणारी समिती असलेली.

आणि पुढच्या वेळी संमतीपत्रात 'कोणालाही दाखवणार नाही' असंही लिहू नकोस आणि 'नंतर नष्ट करू' असंही नको. एकेका गोष्टीची वेगळी चौकट ठेव: सर्व्हे देऊ का, मुलाखत देऊ का, आवाज देऊ का.

गुळपोळी (बुधवार, संध्याकाळी ६:१०)

एक गोष्ट कालपासून डोक्यात घोळतेय. जर्नलचं सोड, थिसिसच्या परिशिष्टात काय आहे? व्हायवा झाला की थिसिस शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचं खुलं संकेतस्थळ) जातो, जसाच्या तसा, परिशिष्टांसकट. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात शेवटी बारा पानं उत्तरदात्यांची यादी होती, नाव, गाव, जात, मोबाइल नंबर. 'काम खरंच केलं' हे परीक्षकांना दिसावं म्हणून. ती तशीच चढली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत दोन वर्षं गेली.

एक्सेलचंही बघून घे. घर क्रमांक ५/२ लिहिलेलं एक्सेल ५ फेब्रुवारी करून ठेवतं. जनुकांच्या नावांचं असंच व्हायचं, २०१६ मध्ये तपासलं तर एक्सेलच्या याद्या जोडलेल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या पेपरांत चुका निघाल्या, शेवटी २०२० मध्ये माणसांनी जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा साध्या सीएसव्हीत (नुसत्या मजकुराच्या फाइलीत) ठेव आणि बरोबर एक पान लिही, कुठल्या रकान्यात काय आहे, 'खाडा' म्हणजे काय, 'उचल' म्हणजे काय. ते पान नसेल तर खुला डेटाही कुलपातच असतो.

रानवारा (बुधवार, रात्री ११:२०)

थिसिस उघडून बसले होते. परिशिष्ट ४. मुकादमाच्या वहीच्या दोन पानांचा फोटो, "प्राथमिक स्रोताचा नमुना" म्हणून. झूम केलं की एकोणीस कोयत्यांची नावं स्वच्छ वाचता येतात, पुढे उचल. मी स्वतः ते पान सुंदर दिसतं म्हणून निवडलं होतं. उद्या सकाळी परीक्षा विभागात जाऊन दुरुस्तीचा अर्ज देतेय, गाईड कुरकुरले तरी.

बाकी माझं आता असं ठरतंय. मजुरीचा तक्ता (टन, उचल, खाडे, हातात आलेली रक्कम) मुकादम, कारखाना, शेतकरी आणि तालुका काढून पूर्ण खुला. शेवगा, खुशाली आहे त्यात, स्वतंत्र रकाना आहे. आरोग्याचे फक्त वयोगटवार तक्ते. बिंदू एका दशांशावर. मुलाखतींच्या उतरवलेल्या फाइल्स संस्थेकडे, अर्ज करून मिळतील अशा, पण त्याआधी प्रत्येक फाइल मी स्वतः परत वाचणार, कारण नाव काढलं म्हणजे झालं असं मला परवापर्यंत वाटत होतं. डिस्चार्ज कार्डं कुठेच नाहीत. ऑडिओचं कळत नाहीये.

जात्यावरची, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. एक होती. मुलाखत संपल्यावर म्हणाली, "माझं नाव लिव बरं का. सगळ्या म्हणत्यात नको लिवू, मी म्हणते लिव. डॉक्टरचं पण लिव." मी थिसिसमध्ये तिला 'सहभागी क्र. ३१' केलं. तिला विचारलं नाही.

डॉ_पिंपळपान (गुरुवार, सकाळी ७:१५)

तिचं नाव लिहिलं तर तिच्या टोळीतल्या बाकीच्यांची ओळखही पटू शकते, हे लक्षात घ्या. आणि डॉक्टरचं नाव लिहायचं तर तो संशोधनाचा नाही, तक्रारीचा मार्ग आहे. पण तिला विचारायला हवं होतं, हे खरं.

जात्यावरची (गुरुवार, सकाळी ८:००)

अजून विचारता येईल की.

एडिनबर्गची_आत्या (गुरुवार, दुपारी २:३०)

संपादकांना लिही की मजुरीचा तक्ता आत्ता देते, मुलाखतींबाबत सहभागी बायकांशी पुन्हा बोलायचंय, म्हणून तूर्त फक्त वर्णन नोंदवते. असं कारण दिलेलं संपादकांना चालतं, 'मागितला तर देऊ'पेक्षा बरंच चालतं. ऑडिओ कूटबद्ध करून ठेव, घाईने पुसू नकोस. पुसलेलं परत येत नाही आणि ३१ क्रमांकाच्या बाईचा आवाज त्यातच आहे.

रानवारा (गुरुवार, रात्री ९:४५)

लिहिलं तसं. फडावरचा, तुमच्या भागात जायचं म्हणतेय, बायकांना एकेकीला विचारायला. पण आत्ता सगळे फडावर, कोण कोल्हापुरात, कोण कर्नाटकात. कधी येऊ?

फडावरचा (गुरुवार, रात्री १०:२०)

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येतात सगळे. मार्चअखेर ते एप्रिल. पाडव्यानंतर या, मी पण सुट्टी काढून येतो. घोळक्यात विचारू नका, पाण्याला जाताना विचारा.

आणि येताना वह्यांच्या फोटोंच्या छापील प्रती आणा. ज्याच्या त्याच्या कोयत्याची त्याला. आमच्या लोकांनी अजून बघितलेल्या नाहीत.

शेवगा (गुरुवार, रात्री १०:२६)

छपाईचा खर्च माझ्याकडे. फाटकी साडी नव्हे हो, रंगीत प्रिंट.